हँडल किती वर, किती जवळ? मोटरसायकलवर हात नीट पुरण्याचं गणित

नोव्हेंबर उजाडला की अमिरातीत मोटरसायकली बाहेर पडतात. शनिवारी पहाटे पाचला दुबई किंवा शारजातून निघायचं, ऊन चढायच्या आत जेबेल जैस नाहीतर हत्ता गाठायचं, चहा घ्यायचा आणि परत फिरायचं. अशा प्रत्येक ग्रुपमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘गाडी मस्त आहे रे, पण तासाभराने हाताला मुंग्या येतात.’ लगेच कोणीतरी सांगतं, ‘रायझर टाक.’ ऑर्डर जाते, चार दिवसांत डबा येतो, हँडल ३० मिलिमीटर वर जातं. आणि पुढच्या शनिवारी मुंग्या थांबतात, पण मान धरते. किंवा मुंग्याही तशाच राहतात.

या वेळच्या भागात आपण अर्गोनॉमिक्सबद्दल, म्हणजे माणसाच्या मापाने यंत्र घडवण्याच्या शास्त्राबद्दल बोललो. हा लेख त्याला जोडूनच आहे, पण अगदी हाताशी असलेल्या एका वस्तूबद्दल: मोटरसायकलच्या हँडलबद्दल. ते बदलावं का, बदलायचं तर किती, रायझर घ्यावा की नवीन हँडल, आणि काय तपासल्याशिवाय रस्त्यावर उतरू नये.

मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. हाताचं काम गाडी वळवणं आणि क्लच-ब्रेक दाबणं हे आहे. धड पेलणं हे हाताचं काम नाही. ज्या हँडलवर तुमचे हात बिनओझ्याचे राहतात, ते तुमचं हँडल. ‘उंच हँडल म्हणजे आरामाचं हँडल’ हे समीकरण खरं नाही, आणि अमिरातीच्या हायवेवर तर अजिबातच नाही.

सरासरी माणूस भेटतच नाही

आधी एक जुनी गोष्ट. १९५० च्या सुमाराला अमेरिकी हवाई दलाला एक प्रश्न पडला होता: कॉकपिट वैमानिकांना नीट का बसत नाहीत? हजारो वैमानिकांची मापं घेतली गेली. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने त्यातल्या ४,०६३ जणांची १० मापं तपासली: उंची, छाती, हाताची लांबी वगैरे. प्रत्येक मापात मधल्या पट्ट्यात बसणाऱ्यांना त्याने ‘सरासरी’ मानलं आणि मोजलं, की दहाही मापांत सरासरी असलेले किती आहेत. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात उत्तर होतं: शून्य. चार हजारांत एकही नाही. सरासरी माणसासाठी बांधलेलं कॉकपिट खरं तर कोणासाठीच बांधलेलं नव्हतं. हवाई दलाने त्यातून जो धडा घेतला, त्याचा फायदा आपण आज रोज कारमध्ये घेतो: सीट पुढेमागे होते, स्टीअरिंग वरखाली होतं.

आपल्याकडेही या दिशेने काम झालं आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली देबकुमार चक्रबर्ती यांचं भारतीयांच्या शरीरमापांचं पुस्तक काढलं. भारतात वस्तू घडवणारे डिझायनर आजही त्याचा आधार घेतात. कारण सरळ आहे: परदेशातल्या तक्त्यांवरून काढलेली मापं आपल्या माणसांना लागू पडतीलच असं नाही.

आता तुमच्या मोटरसायकलकडे बघा. सीट पुढेमागे होत नाही. फूटरेस्ट आहेत तिथेच आहेत. बहुतेक गाड्यांवर कारखान्यातून बदलता येण्यासारखं फार थोडं येतं. म्हणजे कारमध्ये जी जुळवाजुळव तुम्ही बसता बसता दहा सेकंदांत करता, ती मोटरसायकलवर पाना हातात घेऊनच करावी लागते. तुमची उंची ५ फूट ४ इंच असो की ६ फूट १ इंच, शोरूममधून दोघांना तेच हँडल मिळतं. शिवाय उंची सारखी असली तरी हातांची लांबी सारखी नसते. म्हणून मित्राला जे रायझर मानवले, ते तुम्हाला मानवतीलच असं नाही.

तीन ठिकाणं, एक त्रिकोण

गाडीवर शरीर तीन ठिकाणी टेकतं: सीट, फूटरेस्ट आणि हँडल. या तीन बिंदूंचा त्रिकोण तुमची बसण्याची ढब ठरवतो. यातला एक बिंदू हलवला की बाकी दोन ठिकाणचं ओझंही बदलतं.

पुण्याजवळच्या चाकणला बजाजच्या कारखान्यात केटीएमच्या ३९० ड्यूक आणि आरसी ३९० या दोन्ही गाड्या बनत आल्या आहेत आणि तिथून जगभर गेल्या आहेत. दोन्हींचं इंजिन एकाच घरातलं. पण ड्यूकवर रुंद, सरळ नळीचं हँडल आणि आरसीवर खाली, फोर्कलाच धरणारे दोन तुकडे, ज्यांना आपण क्लिप-ऑन म्हणतो. एकीवर बसून ऑफिसला जाता येतं, दुसरीवर ट्रॅफिकमध्ये मनगटं बोलायला लागतात. रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर ६५० आणि कॉन्टिनेन्टल जीटी ६५० या जोडीचंही असंच. इंजिन तेच, सांगाडा जवळपास तोच. फरक मुख्यतः हँडलचा आणि फूटरेस्टचा, आणि तेवढ्याने गाडीचा स्वभाव बदलतो.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, हँडलमधला थोडा फरकही मोठा परिणाम करतो. दोन, हात दुखले म्हणजे दोष हँडलचाच असेल असं नाही. सीट पुढच्या बाजूला उतरती असेल तर तुम्ही घसरत घसरत टाकीला चिकटता आणि हाताने स्वतःला मागे ढकलत बसता. अशा वेळी रायझर म्हणजे डोकेदुखीला पायाचं मलम.

दुखतंय कुठे, ते आधी नीट ऐका

काही विकत घेण्याआधी दोन-तीन राइड फक्त लक्ष द्या. शरीर बऱ्यापैकी स्पष्ट बोलतं.

*करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या:* तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने अल्नर नावाची नस जाते. तळव्याच्या त्या भागावर वजन पडत राहिलं की ती दबते. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांमध्ये हा त्रास जुना आणि ओळखीचा आहे. अर्थ: हात खांबाचं काम करताहेत.

*अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर:* ही मीडियन नस. ती मनगटाच्या मधून एका अरुंद वाटेने जाते आणि मनगट वाकलेलं राहिलं की तिथे दाबली जाते. अर्थ: हँडलच्या आधी लिव्हरचा कोन बघा.

*मानेचा मागचा भाग आणि दोन खांद्यांच्या मधली जागा:* बहुधा हँडल लांब किंवा खाली आहे. तुम्ही पुढे वाकता आणि रस्ता दिसावा म्हणून मान वर करून ठेवता.

*खांदे कानांकडे चढलेले:* हँडल गरजेपेक्षा उंच किंवा फार रुंद.

*माकडहाड आणि कमरेचा खालचा भाग:* पाठ पार सरळ, सगळं वजन सीटवर. प्रत्येक स्पीड ब्रेकरचा दणका थेट मणक्यात. अशा वेळी हँडल आणखी वर घेतलं तर त्रास वाढेल.

आता एक साधी परीक्षा. गाडी मेन स्टँडवर लावा, स्टँड नसेल तर मित्राला घट्ट धरायला सांगा. नेहमीसारखे बसा, पाय फूटरेस्टवर, गुडघे टाकीला. मग दोन्ही हात ग्रिपवरून बोटभर वर उचला. धड जागेवर राहिलं तर हातावर फारसं ओझं नाही. पुढे कोसळायला झालं तर हात तुम्हाला तोलून धरत होते. ही परीक्षा फक्त उभ्या गाडीवर करायची, हे वेगळं सांगायला नको.

राइड संपल्यावरही बधिरपणा जात नसेल, किंवा रात्री झोपेतून जाग येत असेल, तर हँडलचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

आधी फुकटचे उपाय

निम्मी कामं एका ॲलन की-ने होतात, आणि खर्च शून्य.

पहिलं, लिव्हरचा कोन. बोटं लिव्हरवर ठेवल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत साधारण सरळ रेष यायला हवी. लिव्हर फार आडवे असतील तर मनगट वर वाकतं, फार खाली झुकलेले असतील तर उलट. क्लॅम्पचे बोल्ट सैल करा, लिव्हर थोडे फिरवा, घट्ट करा. पुढच्या ब्रेकचा ऑइलचा डबा त्याच क्लॅम्पवर असेल तर तो फार तिरका होऊ देऊ नका.

दुसरं, लिव्हरचं ग्रिपपासूनचं अंतर. अनेक गाड्यांवर लिव्हरच्या खिळीपाशी आकडे असलेलं छोटं चाक असतं. हात लहान असेल तर लिव्हर जवळ आणा. कित्येक जण हे चाक वर्षानुवर्षं फिरवतच नाहीत.

तिसरं, हँडलच क्लॅम्पमध्ये किंचित फिरवणं. समजा हँडलची टोकं क्लॅम्पपासून १०० मिलिमीटर उंच आहेत. ते फक्त ५ अंश मागे फिरवलं तर टोकं जवळजवळ ९ मिलिमीटर तुमच्याकडे येतात. ऐकायला थोडं वाटतं, पण मनगटाला कळतं. मर्यादा मात्र आहे: जास्त फिरवलं की ग्रिपची टोकं खाली झुकतात आणि मनगट बाहेरच्या बाजूला मुडपतं. बाजूने बघितल्यावर हँडलचा उभा भाग फोर्कच्या रेषेला साधारण समांतर दिसावा, ही सुरुवातीची चांगली जागा.

चौथं, ग्रिप आणि पकड. ग्रिप कडक झाल्या असतील तर बदला. हात मोठा असेल तर थोड्या जाड ग्रिपवर बोटं कमी आवळावी लागतात. आणि आवळणं सोडा. अंडं धरल्यासारखी पकड पुरते. वेग वाढला की घट्ट धरायची सवय असते, मुंग्यांचं अर्धं मूळ तिथेच असतं.

एकावेळी एकच बदल करा आणि किमान शंभरेक किलोमीटर चालवून बघा. तीन बदल एकत्र केले तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळणार नाही. संशोधनात जो नियम, तोच गॅरेजमध्ये.

मोजा, मग मागवा

एवढं करूनही हात पुरत नसतील तर हँडलकडे वळू. पण आकड्याशिवाय नको.

आधी आहे त्या हँडलची तीन मापं लिहून ठेवा: जमिनीपासून ग्रिपच्या मध्यापर्यंतची उंची, सीटवरच्या एखाद्या पक्क्या खुणेपासून (सीट आणि टाकी जिथे भेटतात ती जागा चालेल) ग्रिपच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी.

मग गाडी सरळ उभी करून राइडचं जाकीट आणि बूट घालून बसा. डोळे मिटा. खांदे सैल सोडा, कोपरं थोडी वाकलेली, आणि हात जिथे आपोआप यावेसे वाटतात तिथे हवेत धरा. मित्राने टेप घेऊन तुमच्या तळव्यापासून ग्रिपपर्यंत किती वर आणि किती मागे ते मोजायचं. हे तीनदा करा आणि मधलं माप घ्या. बाजूने एक फोटोही काढून ठेवा, नंतर तुलनेला उपयोगी पडतो.

बऱ्याचदा हा आकडा वाटतो त्यापेक्षा लहान निघतो. दोन-तीन सेंटिमीटर म्हणजे मोटरसायकलवर बराच मोठा बदल.

रायझर की नवीन हँडल?

रायझर म्हणजे हँडल धरणाऱ्या क्लॅम्पखाली बसणारे ठोकळे. ते हँडल उचलतात. पण सरळ आकाशाकडे उचलत नाहीत, हे कळीचं आहे. फोर्क तिरका असतो, आणि साधा रायझर साधारण त्याच तिरक्या रेषेत हँडल वर नेतो. हा कल समजा २६ अंश आहे. मग ३० मिलिमीटरचा रायझर हँडलला सुमारे २७ मिलिमीटर वर आणि १३ मिलिमीटर मागे आणतो. तुमचं माप याच्या आसपास निघालं असेल तर साधा रायझर पुरे, हँडल बदलायची गरजच नाही.

पण समजा माप निघालं ‘१० वर, ३० मागे’. मग साधा रायझर उपयोगाचा नाही. ३० मागे यायला त्याला सुमारे ७० मिलिमीटर उंच व्हावं लागेल, आणि हँडल छातीशी येईल. अशा वेळी दोन वाटा: हँडल मागे सरकवणारा तिरका रायझर, किंवा जास्त मागे वळलेलं हँडल.

नवीन हँडल घेताना चार आकडे बघा. *रुंदी:* रुंद हँडलवर तरफ लांब, म्हणून वळवायला जोर कमी लागतो. ७०० ऐवजी ८०० मिलिमीटर घेतलं तर तेवढ्याच जोरात सुमारे १४ टक्के जास्त पीळ मिळतो. पण हात पसरतात, छाती वाऱ्याला उघडी पडते आणि हँडल पूर्ण वळवल्यावर बाहेरच्या हाताला ताणावं लागतं. *उंची:* क्लॅम्पपासून टोकं किती वर. *मागचा वळसा:* टोकं किती मागे येतात आणि कोणत्या कोनात. मनगट आत की बाहेर मुडपेल ते याच्यावर ठरतं. *जाडी:* क्लॅम्पपाशी बहुतेक साध्या हँडलची जाडी २२.२ मिलिमीटर असते. मधे जाड, टोकांना बारीक अशी जी ॲल्युमिनियमची हँडलं ॲडव्हेंचर गाड्यांवर दिसतात, ती मधे २८.६ मिलिमीटर असतात, टोकाशी मात्र २२.२ च, म्हणजे जुने लिव्हर आणि स्विच बसतात. हार्लेसारख्या क्रूझर गाड्यांवर २५.४ मिलिमीटर चालतं. जाडी चुकली तर हँडल क्लॅम्पमध्ये बसणारच नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे बसल्यासारखं वाटेल.

एकावर एक दोन रायझर रचणं टाळा. बोल्ट जितका लांब आणि ठोकळा जितका उंच, तितका क्लॅम्पवर पीळ जास्त. आणि क्लिप-ऑनवाल्या गाड्यांना हे सगळं लागू होत नाही. तिथे उंच क्लिप-ऑन किंवा वरची प्लेटच बदलणं हा मार्ग असतो. खर्च वाढतो, आणि कधी कधी वेगळी गाडी घेणं हेच शहाणपणाचं ठरतं.

अमिरातीतला खरा परीक्षक: वारा

पुण्याच्या किंवा नाशिकच्या ट्रॅफिकमध्ये ताशी ३०-४० च्या वेगाला उंच, जवळचं हँडल खरंच सुखाचं. दूधवाले काका किटल्या लावून ताठ बसून जातात ते उगाच नाही. पण शेख मोहम्मद बिन झायेद रोडवर ताशी १०० च्या पुढे चित्र पालटतं.

हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ६० वरून १२० वर गेलात की रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. ताठ बसलात तर छाती म्हणजे शीड. वारा तुम्हाला मागे ढकलतो आणि तुम्ही हँडलला लोंबकळता. म्हणजे शहरात हात खांब होते, ते हायवेवर दोर झाले. ओझं गेलं नाही, फक्त त्याची दिशा बदलली. शिवाय लोंबकळणाऱ्या हातांनी हँडलला नकळत हिसके बसतात आणि आडव्या वाऱ्यात गाडी डुलायला लागते.

किंचित पुढे झुकलेलं धड हायवेवर जास्त सुखी असतं, कारण वारा छातीचं थोडं वजन उचलतो. म्हणून आधी विचारा: माझे जास्तीत जास्त तास कुठे जातात? रोज करामा ते बिझनेस बे असेल तर थोडं उंच, जवळचं हँडल चांगलं. दर आठवड्याला शारजा ते खोरफक्कान असेल तर कमी उंची आणि बरी विंडशील्ड हा जोड जास्त उपयोगी. १० मिलिमीटर कमी उचलून उरलेले पैसे काचेवर घाला.

घाटाचं गणित आणखी वेगळं. अल ऐनच्या जेबेल हफीतचा रस्ता ११.७ किलोमीटरचा, वळणावळणाचा. चढताना सगळं छान वाटतं. खरी परीक्षा उतरताना. ब्रेक लावला की धड पुढे येतं आणि सगळं वजन मनगटात. इथे हँडलपेक्षा गुडघे कामाला येतात: टाकी गुडघ्यांनी घट्ट धरा, पोट आवळा, हात मोकळे ठेवा. हँडल फार उंच नेलं तर पुढच्या चाकावरचं वजन थोडं कमी होतं आणि वळणात पुढचं चाक काय करतंय ते हातांना पूर्वीइतकं कळत नाही.

आणि उन्हाळा. हवा ४० अंशांच्या वर गेली की ती त्वचेपेक्षा गरम असते. तेव्हा अंगावर येणारा वारा थंड करत नाही, उलट तापवतो. गारवा फक्त घामाच्या वाफेतून. पाणी कमी पडलं की हातांना पेटके येतात, पकड आवळली जाते, आणि दोष हँडलला जातो. जुलैमध्ये दुखलेल्या हातांवरून हँडलचा निर्णय घेऊ नका.

रस्त्यावर उतरण्याआधी

इथे घाई नको, कारण हे थेट जिवाशी आहे. हँडल वर किंवा मागे गेलं की त्याला जोडलेली प्रत्येक तार, केबल आणि नळी ताणली जाते.

- हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण वळवा. क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, ब्रेकची नळी आणि स्विचच्या वायरी कुठेही ताणल्या, चिमटल्या जाता कामा नयेत.
- गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्हीकडे वळवा. इंजिनचा आवाज वाढला तर ॲक्सिलरेटर केबल ओढली जातेय. यू-टर्न घेताना गाडी आपोआप उसळेल. तशी चालवू नका. ज्या गाड्यांवर ॲक्सिलरेटर इलेक्ट्रॉनिक आहे तिथे केबल नसते, पण वायर असते, तीही तपासा.
- ब्रेकची नळी कमी पडत असेल तर लांब नळी लागेल, आणि मग ब्रेकमधली हवा काढावी लागेल. हे काम जाणत्या मेकॅनिकलाच द्या.
- पूर्ण वळवल्यावर ग्रिप किंवा लिव्हर टाकीला, काचेला लागत नाहीत ना? अंगठा मधे चेंगरत नाही ना?
- बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला आवळा. क्लॅम्पची फट पुढे-मागे कशी ठेवायची तेही मॅन्युअल सांगतं. ‘हाताला घट्ट लागलं’ हे माप नाही.
- ५० ते १०० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा.

पहिली फेरी रिकाम्या पार्किंगमध्ये: हळू वेगातली आठच्या आकड्याची वळणं, मग एकदोन जोरात ब्रेक.

कायद्याचंही बघा. अमिरातीत इंजिन किंवा चासीमध्ये परवानगीशिवाय फेरफार केला तर १,००० दिरहम दंड, १२ ब्लॅक पॉइंट आणि ३० दिवस गाडी जप्त, एवढी शिक्षा आहे. हँडल हा स्टीअरिंगचा भाग, त्यामुळे मूळ मापापासून दूर जाणारा बदल करण्याआधी नोंदणीच्या तपासणी केंद्रात विचारून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. जुनं हँडल फेकू नका.

ज्यांची गाडी स्वतःची नाही

आतापर्यंतचं सगळं स्वतःच्या गाडीबद्दल होतं. पण अमिरातीत मोटरसायकलवर सर्वात जास्त तास घालवणारे लोक वीकेंडचे हौशी नाहीत, डिलिव्हरी रायडर आहेत. त्यात आपल्याकडची मुलंही आहेत. गाडी बहुतेकदा कंपनीची किंवा ठेकेदाराची, तिचं हँडल बदलायचा अधिकार त्यांना नाही. मागचा डबा थेट पाठीशी आला तर मागे सरकायलाही जागा नाही.

हातावर येणारं कंपन ही कामाच्या ठिकाणच्या आरोग्याची मान्य झालेली बाब आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात आठ तासांच्या हिशोबाने त्याची मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग ठरवली आहे, आणि २.५ ओलांडलं की मालकाने उपाय करायचे आहेत. म्हणजे तिथे जबाबदारी कामगाराच्या सहनशक्तीवर सोडलेली नाही. गाडी कामगाराच्या मापाची नसणं हाही त्याच पंगतीतला प्रश्न आहे.

असं काम करणारा कोणी तुमच्या रूमवर, मेसमध्ये, ओळखीत असेल तर त्याला लेखातला मधला भाग सांगा. लिव्हरचा कोन, लिव्हरचं अंतर, सैल पकड, टाकीला गुडघे. यातल्या पकडीला आणि गुडघ्यांना कोणाची परवानगी लागत नाही, आणि लिव्हर जुळवायचं काम सर्व्हिसला गाडी गेली की मेकॅनिककडून पाच मिनिटांत होतं. दुबईत आरटीएने रायडर्ससाठी वातानुकूलित विश्रांतीच्या जागा केल्या आहेत. तिथे थांबल्यावर मनगटं दोन्ही बाजूंनी ताणणं, मुठी उघडझाक करणं, पाणी पिणं एवढं तरी व्हावं. आणि करंगळी बधिर होत असेल तर ‘सवय होईल’ म्हणू नये. नस दबायची सवय होत नसते.

तुमची स्वतःची गाडी असेल तर क्रम लक्षात ठेवा: ऐका, फुकटचं करून बघा, मोजा, मग मागवा. एक टेप, एक मित्र आणि एक ॲलन की एवढ्यावर काम सुरू होतं. पुढच्या शनिवारी निघण्याआधी दहा मिनिटं काढून आधी लिव्हर बघा. कदाचित रायझरची ऑर्डर द्यावीच लागणार नाही.